लंबकाचा प्रयोग: विज्ञान प्रदर्शनासाठी मोजता येईल असा प्रकल्प कसा करावा

विज्ञान प्रदर्शनात ज्वालामुखीच्या मॉडेलभोवती नेहमी गर्दी असते. सोडा आणि व्हिनेगर एकत्र आले की फेस उसळतो, बघणारे खूश होतात. पण "यातून तू काय शोधलंस?" असं परीक्षकांनी विचारलं, की मूल गप्प होतं. शोधण्यासारखं काही नव्हतंच. काय होणार ते आधीच माहीत होतं. प्रकल्प निवडताना म्हणूनच मॉडेलऐवजी प्रश्न शोधावा, आणि त्याचं उत्तर मोजून काढता यावं. लंबक यासाठी फार सोयीचा. दोरा, चार-पाच लोखंडी नट, मोजपट्टी आणि मोबाइलमधलं स्टॉपवॉच एवढ्यात काम भागतं. साधारण दहा वर्षांपुढच्या मुलांना तो स्वतः करता येतो.

प्रश्न असा: लंबकाच्या एका झोक्याला किती वेळ लागेल, हे कशावर ठरतं? वजनावर, दोऱ्याच्या लांबीवर, की आपण तो किती दूर ओढून सोडतो त्यावर? काहीही बांधण्याआधी मुलाला त्याचा अंदाज वहीत तारीख घालून लिहायला सांगा. "जड लंबक लवकर झुलेल" असं बरीच मुलं लिहितात. लिहू द्या, चुकीचं आहे असं अजिबात सुचवू नका. तो अंदाज पुढे तक्त्यावर जसाच्या तसा लावायचा आहे.

मांडणी

टेबल साधारण पाऊण मीटर उंच असतं, त्यामुळे एक मीटरचा लंबक तिथे जमिनीला टेकेल. त्यापेक्षा उंच कपाटावर लाकडी पट्टी ठेवून तिचं एक टोक बाहेर काढा आणि मागच्या टोकावर जाड पुस्तकं ठेवा. हे काम मोठ्यांनी करावं. दोरा न ताणला जाणारा हवा. इलॅस्टिक किंवा लोकर नको. पट्टीला नुसती गाठ मारली तर झुलताना ती सरकते आणि लांबी बदलत राहते. दोरा पट्टीला चिमट्याने घट्ट दाबून धरला, की तो नेमका कुठून झुलतो ते पक्कं होतं. खालच्या टोकाला वाकवलेल्या तारेचा आकडा बांधून त्यात नट अडकवा.

लांबी मोजायची ती चिमट्यापासून नटाच्या मध्यापर्यंत, गाठीपर्यंत नाही.

वेळ कशी मोजायची

सगळ्या प्रयोगाची मदार या भागावर आहे, म्हणून घाई करू नका. एक झोका म्हणजे जाऊन परत येणं. स्टॉपवॉचचं बटण दाबताना माणसाच्या हाताला सहज 0.2 सेकंद उशीर होतो. झोकाच एका सेकंदाचा असेल तर ही चूक 20 टक्के झाली! सलग दहा झोक्यांची वेळ मोजून दहाने भागलं, की तीच चूक 2 टक्क्यांवर येते.

लंबक स्थिर असताना त्याच्या बरोबर खाली जमिनीवर खूण करा. तो खुणेवरून जाताना मोजा, कारण तिथे त्याचा वेग सर्वांत जास्त असतो आणि तो नेमका कधी गेला ते स्पष्ट दिसतं. टोकाला तो क्षणभर रेंगाळतो. मात्र एकाच दिशेने जातानाच मोजायचं. सुरुवात "शून्य" म्हणून करावी. "एक" म्हणून बटण दाबलं तर दहापर्यंत मोजूनही झोके नऊच भरतात, आणि ही गफलत हमखास होते.

एका वेळी एकच गोष्ट बदला

आधी वजन. लांबी 60 सेंटिमीटर ठेवा, कोनमापकाने पाहून लंबक 10 अंशांपर्यंत ओढा आणि धक्का न देता नुसता सोडा. एक नट, मग दोन, मग चार. प्रत्येक वेळी तीनदा मोजून सरासरी काढा. नट एकाखाली एक लटकवू नका. तसं केलं तर वजनाचा मध्य खाली सरकतो, म्हणजे लांबीही वाढते, आणि "जड लंबक हळू झुलतो" असा खोटा निष्कर्ष निघतो. सगळे एकाच आकड्यात शेजारी-शेजारी अडकवा. वेळ जवळपास तीच येईल.

मग लांबी. एकच नट, तोच कोन, आणि दोरा 20, 40, 60, 80 व 100 सेंटिमीटर. दहा झोक्यांना अनुक्रमे 9.0, 12.7, 15.5, 17.9 आणि 20.1 सेकंदांच्या आसपास वेळ लागायला हवा. हे आकडे तुमच्यापुरते ठेवा. मुलाला आधी दाखवले तर त्याची मापंही नकळत तिकडे झुकतील.

20 आणि 80 ची तुलना करा: लांबी चौपट झाली, वेळ दुप्पट. आलेख काढला तर रेषा वाकडी येते. मोठ्या मुलांनी एका झोक्याच्या वेळेचा वर्ग करून तो लांबीसमोर मांडावा. बिंदू जवळजवळ सरळ रेषेत बसतात. त्यातून गुरुत्वीय त्वरणही, म्हणजे खाली पडणाऱ्या वस्तूचा वेग दर सेकंदाला किती वाढतो तेही, काढता येतं. मीटरमधली लांबी 39.5 ने गुणायची आणि त्या वर्गाने भागायचं. उत्तर 9.8 च्या जवळ आलं, तर दोऱ्याने आणि नटाने पृथ्वीचं गुरुत्व मोजलं म्हणायचं!

याला इतिहासही आहे. डच शास्त्रज्ञ हायगेन्स यांनी 1656 मध्ये लंबकाचं घड्याळ बनवलं. पुढे 1672 मध्ये जाँ रिशे हे फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ दक्षिण अमेरिकेत विषुववृत्ताजवळच्या केयेनला गेले, तेव्हा पॅरिसमध्ये बरोबर चालणारं घड्याळ तिथे दिवसाला सुमारे अडीच मिनिटं मागे पडू लागलं. तिथे गुरुत्व किंचित कमी असल्याने लंबक हळू झुलत होता.

कोनाचा भाग वेळ उरला तर करावा. 5 आणि 15 अंशांत फरक हाताने मोजण्याइतका नसतो. 60 अंशांवर मात्र सिद्धांताप्रमाणे झोका सुमारे 7 टक्के लांबतो. दहा झोके होईतो कोन थोडा उतरतो, म्हणून प्रत्यक्षात याहून काहीसा कमी फरक दिसेल.

प्रदर्शनाच्या दिवशी

तक्त्यावर प्रश्न, मुलाचा मूळ अंदाज, आकड्यांचं कोष्टक आणि आलेख एवढं पुरे; चकाकता कागद आणि थर्माकोलची अक्षरं नसली तरी चालतं. खाडाखोडीसकट मूळ वही टेबलावर ठेवा. एखादं माप बाकीच्यांपासून फटकून असेल तर ते खोडू नये, शेजारी शक्य ते कारण लिहावं. जाणकार परीक्षक आधी तेच विचारतात. आणि ते विचारतील तेव्हा पालकांनी दोन टेबलं पलीकडे उभं राहावं.