सीडी रेकॉर्डर बिघडला म्हणण्याआधी: या चुका टाळा

घुमट या मातीच्या तालवाद्याच्या साथीने म्हटलेल्या आरतीची सीडी घेऊन चुलत भाऊ देवळात गेला आणि थोड्याच वेळात हिरमुसला होऊन परत आला. देवळातला प्लेअर डिस्क ओळखतच नव्हता. घरी रेकॉर्डरमध्ये घातली तर काकांचा आवाज खणखणीत! रेकॉर्डर बिघडला, असे घरात सगळ्यांनी ठरवून टाकले. रेकॉर्डरला काहीच झाले नव्हते. डिस्क फायनलाइज करायची राहिली होती.

गोव्यातल्या आमच्या फोंडा तालुक्यात चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आरत्या, सप्ताहाची भजने, जत्रेतली संगीत नाटके लोकांनी वर्षानुवर्षे कॅसेटवर टेप करून ठेवली आहेत. त्या कॅसेटी सीडीवर उतरवायला घरचा सीडी रेकॉर्डर अजूनही उत्तम. कोणी तारवटी, म्हणजे जहाजावर काम करणाऱ्या, भावाने आणलेला असतो, कोणी गल्फहून. पण बंद पडला म्हणून कपाटावर चढवलेले निम्मे रेकॉर्डर, माझ्या अनुभवात, धडधाकट निघतात.

फायनलाइज न करणे

रेकॉर्डिंग चालू असताना यंत्र गाण्यांची यादी डिस्कवरच्या एका तात्पुरत्या जागेत लिहीत असते. ती जागा रेकॉर्डरला वाचता येते, साध्या प्लेअरला नाही. फायनलाइज केले की पक्की अनुक्रमणिका लिहिली जाते आणि मग डिस्क इतरत्र वाजते. याला दोन ते चार मिनिटे लागतात. सीडी-आर (एकदाच लिहिता येणारी डिस्क) एकदा फायनलाइज केली की तिच्यात भर घालता येत नाही, म्हणून लोक 'अजून एक आरती बसेल' असे म्हणत ती तशीच ठेवतात. मध्येच रेकॉर्डर बंद पडला तर डिस्क उघडायला दुसरा रेकॉर्डर शोधत फिरावे लागते. आमच्याकडे आता नियम आहे: मे महिन्यात पुरुमेंताची, म्हणजे पावसाळ्याच्या साठवणीची, सुकी मासळी, मिरची, कोकम भरताना अर्धवट डिस्कही काढायच्या आणि फायनलाइज करायच्या. दहा मिनिटांची जागा वाया गेली तरी चालेल.

दुकानात मिळेल ती डिस्क आणणे

घरगुती ऑडिओ रेकॉर्डर संगणकाची साधी सीडी-आर घेत नाही. त्याला 'डिजिटल ऑडिओ' छापलेली म्युझिक सीडी-आर लागते. डिस्कवर आधीपासून कोरलेली खूण तो तपासतो आणि ती नसेल तर रेकॉर्डिंग नाकारतो. स्टुडिओसाठी बनवलेली यंत्रे हा भेद करत नाहीत. म्युझिक डिस्क आता सहज मिळत नाहीत, म्हणून एक म्युझिक सीडी-आरडब्ल्यू (पुसून पुन्हा लिहिता येणारी डिस्क) जपून ठेवा. आधी तिच्यावर उतरवा, ऐका, चुकले तर पुसा. मनासारखे झाले की संगणकावर काढून घ्या. सीडी-आरडब्ल्यूवरून प्रकाश फार कमी परावर्तित होतो, त्यामुळे जुन्या प्लेअरना ती दिसत नाही. तो दोष डिस्कचा नव्हे.

विकत घेतलेल्या सीडीची डिजिटल केबलने केलेली प्रत पुन्हा डिजिटल केबलने उतरवता येत नाही, तेही बिघाडाचे लक्षण नाही. सीरियल कॉपी मॅनेजमेंट सिस्टीम नावाची व्यवस्था ते अडवते.

आवाजाची पातळी कॅसेटसारखी ठेवणे

इथे थोडे थांबते, कारण आमच्या संगीताचे सर्वांत जास्त नुकसान इथेच होते. कॅसेटवर सुई लाल भागात गेली तरी टेप सांभाळून घेते, आवाज थोडा जाड होतो इतकेच. डिजिटलमध्ये शून्य डेसिबल म्हणजे छप्पर. त्याच्यावर काही लिहिलेच जात नाही, लाटेचा माथा सपाट कापला जातो आणि कडकड ऐकू येते. नंतर कोणत्याही उपायाने तो माथा परत येत नाही.

घुमट आरती संथ सुरू होते. एक गळा, मागून साथ. लोक त्या पहिल्या मिनिटाला पातळी लावतात आणि पाट मांडून बसतात. मग लय चढते, शामेळ हे चर्मवाद्य आणि कांसाळे ही झांज मिसळतात, घुमटावर थाप पडते आणि मीटर छपराला टेकतो. गोव्याने २०१९ मध्ये वारसा वाद्य म्हणून मान दिलेल्या या वाद्याचा तो क्षण सीडीवर फाटलेला उतरतो. म्हणून आधी कॅसेट पुढे सरकवून सर्वांत चढा भाग शोधा, तिथे मीटर उणे ६ डेसिबलच्या आसपास राहील असे बघा, मग टेप मागे घेऊन सुरुवात करा. संथ भाग हळू वाटला तरी पातळीला मध्येच हात लावू नका.

आणि कॅसेट डेकवरचे डॉल्बीचे, म्हणजे टेपचा सुसाटा कमी करणारे, बटण बघा. डॉल्बी बी लावून टेप केलेली कॅसेट डॉल्बीशिवाय उतरवली तर आवाज टोचतो, उलट केले तर कोंदटतो.

ट्रॅक यंत्रावर सोडणे

आपोआप ट्रॅक पाडण्याची सोय काही सेकंदांच्या शांततेवर चालते. भजनात बुवा दम घेतात तिथे ती नवा ट्रॅक पाडते, आणि जुन्या कॅसेटच्या सुसाट्याला शांतता न समजल्याने दोन अभंग एकत्र ठेवते. सीडी-आरवर ही खूण मागाहून हलवता येत नाही. मॅन्युअल ठेवा आणि बटण स्वतः दाबा. उतरवायला कॅसेटइतकाच वेळ लागतो, तोवर जवळ बसून ऐकावे. ९० मिनिटांची कॅसेट ८० मिनिटांच्या डिस्कवर मावत नाही, हे विसरून शेवटची भैरवी गमावलेली घरे मला माहीत आहेत.

विजेवर विश्वास ठेवणे

लिहिता लिहिता वीज गेली तर तो ट्रॅक, कधी अख्खी डिस्क जाते. संगणकाला लावतो तसला छोटा यूपीएस पुरतो. गडगडाट सुरू झाला की प्लग काढा, नुसता स्विच बंद करून भागत नाही. तारवावरून आलेल्या यंत्राच्या पाठीमागचा व्होल्टेज वाचा: जपान किंवा अमेरिकेतले १००-१२० व्होल्टचे यंत्र आपल्या २३० वर लावले की तिथेच संपले.

पावसाळा आणि ऊन

कुळागराच्या (माडा-पोफळीच्या बागायतीच्या) कडेला घर असले की जून ते सप्टेंबर भिंतीसुद्धा ओल्या लागतात. सीडीला काही होत नाही, हा समज सोडा. बेलीझ या उष्ण, दमट देशातून आलेल्या एका सीडीवर स्पेनच्या संशोधकांना २००१ मध्ये प्लास्टिक आणि ॲल्युमिनियमचा थर पोखरणारी बुरशी सापडली होती. डिस्क डबीत, उभी, सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद डब्यात ठेवा. बुरशीचा ठिपका दिसला तर साबणाच्या सौम्य पाण्यात मऊ सुती कापड बुडवून मधून कडेकडे पुसा. गोल गोल पुसू नका, कारण गोल ओरखडा आवाजाच्या वाटेवर लांबच लांब पडतो.

पाऊस ओसरला की आपण कपड्यांना, पोथ्यांना ऊन दाखवतो. सीडी-आरला कधीही दाखवू नका. तिच्यातले रेकॉर्डिंग रंगद्रव्याच्या थरात असते आणि तो थर प्रकाशाने फिका पडतो. पुसल्यानंतर सावलीत वाळवा.

हा थर वरच्या, नाव लिहायच्या बाजूला अगदी लागून असतो. खालच्या बाजूला मिलिमीटरभर प्लास्टिकचे संरक्षण आहे, वर फक्त लाखेचा पातळ थर. म्हणून बॉलपेनने नाव लिहू नका, पाण्याच्या शाईचे मऊ टोकाचे पेन वापरा. चिकटवायची लेबले तर नकोतच. दमटपणात त्यांची कड सुटते आणि फिरताना आत अडकते.

एसीच्या खोलीतले यंत्र दमट वसरीत (ओसरीत) आणून लगेच सुरू केले तर भिंगावर दव धरते आणि 'नो डिस्क' येते. तासभर थांबा. समुद्राजवळच्या घरांत खारी हवा केबलच्या टोकांवर काळपट थर धरते. एका बाजूचा आवाज गेला की आधी ती टोके आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा.

संशय कोणत्या क्रमाने घ्यायचा

आधी विकत घेतलेली सीडी लावा. ती वाजली तर वाचन ठीक आहे. मग पूर्वी स्वतः केलेली, फायनलाइज केलेली डिस्क लावा. मग वेगळ्या कंपनीची कोरी म्युझिक डिस्क. पहिल्या दोन वाजल्या आणि कोऱ्या डिस्कवर मात्र लिहिण्यापूर्वीची लेसरची चाचणी वारंवार फसली, तर लेसर थकला असण्याची शक्यता आहे. लेसरची शक्ती वाढवणारा स्क्रू फिरवून देतो, असे सांगणारा मेकॅनिक भेटला तर नको म्हणा. आमच्या पहिल्या रेकॉर्डरला तसे केले होते. थोडे दिवस तो झकास लिहीत होता, मग कायमचा गप्प झाला.

दुरुस्तीला नेताना आतली डिस्क काढून घ्या आणि घरातल्या फायनलाइज न केलेल्या डिस्क पिशवीत बरोबर न्या. यंत्र दुरुस्त झाले की पैसे देण्याआधी तिथेच उभे राहून त्या फायनलाइज करून घ्या.