विरघळणारा टाका निवडताना

विरघळणाऱ्या धाग्याच्या माहितीपत्रकात दोन मुदती असतात: ताकद किती दिवस टिकते आणि धागा पूर्ण नाहीसा कधी होतो. निवड पहिलीवरून करायची. व्हिक्रिल या कृत्रिम विरघळणाऱ्या धाग्याचे उदाहरण घ्या: तो ५६ ते ७० दिवस अंगात असतो, पण तिसऱ्या आठवड्याअखेर त्याची ताकद निम्म्यावर आलेली असते.

कारण त्याच्या रसायनात आहे. व्हिक्रिलमध्ये ९० भाग ग्लायकोलाइड आणि १० भाग लॅक्टाइड असते. ऊतींतले पाणी धाग्याच्या रेणूंच्या लांब साखळ्यांतले एस्टर बंध तोडते. साखळ्या आखूड झाल्या की ताकद लगेच उतरते. धागा झिजतो तो त्यानंतर, तुकडे विरघळण्याइतके लहान झाल्यावर. कॅटगट, म्हणजे प्राण्यांच्या आतड्यापासून केलेला धागा, याची गोष्ट वेगळी. ते कोलॅजन हे प्रथिन, त्याला शरीरातली विकरे (एन्झाइम) पचवतात. जखमेत पू झाला की विकरे वाढतात आणि टाका वेळेआधीच सुटतो. संसर्ग असलेल्या जागी कॅटगट नकोच.

तोंडाच्या आतल्या अस्तराला व्हिक्रिल रॅपिड, म्हणजे लवकर ताकद सोडणारे व्हिक्रिल, पुरते. त्वचेखालच्या टाक्याला मोनोक्रिल हा विरघळणारा धागा. पोटाच्या मध्यरेषेतल्या फॅशियाला (स्नायूंवरच्या चिवट आवरणाला) भरून यायला महिने लागतात, तिथे पीडीएस हा जास्त काळ टिकणारा विरघळणारा धागा घ्या. चार आठवड्यांनंतरही त्यात साधारण निम्मी ताकद असते. सलग टाका कडेपासून ५ ते ८ मिमीवर, दोन टाक्यांत ५ मिमी अंतर ठेवून घाला आणि फक्त फॅशिया धरा. २० सेंमी छेदाला किमान ८० सेंमी धागा खर्ची पडला पाहिजे. उरलेला धागा मोजला की हिशेब कळतो. खर्ची पडलेला धागा कमी भरला, तर टाके विरळ पडलेत किंवा फार ओढलेत. ओढलेल्या टाक्याखालची ऊती मरते आणि धागा शाबूत असूनही जखम उसवते.

पीडीएस ताठ असतो, गाठ सरकते. म्हणून जास्त फेरे द्या, प्रत्येक फेरा सपाट बसवा. धागा नीडल होल्डरने (सुई धरायच्या चिमट्याने) चिमटू नका. चिमटलेल्या जागीच तो तुटतो.

धाग्याचे सीलबंद फॉइल पाकीट ऐन वेळी फोडा. हवेतल्या दमटपणानेही व्हिक्रिलचे विघटन सुरू होते. उरलेला धागा पुन्हा ऑटोक्लेव्ह (वाफेने निर्जंतुक) करणे तर वाफ आणि उष्णता देऊन तो मुद्दाम कुजवण्यासारखे आहे.

त्वचेवर सायनोअॅक्रिलेट ग्लू वापरणार असाल तर आधी रक्त पूर्ण थांबवा, कडा जुळवून धरा आणि वरून पातळ थर द्या. ओलाव्याने ते घट्ट होते आणि तापते, म्हणून जाड थर भाजतो. जखमेच्या आत थेंबही जाता कामा नये. वर व्हॅसलीनसारखे मलम लावले तर थर सुटतो. एरवी तो ५ ते १० दिवसांत आपोआप गळून पडतो.