फिकट रंगरूप आणि ऑफिसचे कपडे: रंग निवडताना या चुका टाळा

गोऱ्या माणसाला एक वाक्य जन्मभर ऐकावं लागतं: "तुला काय, कुठलाही रंग शोभतो!" ऐकायला बरं वाटतं. मग तीच व्यक्ती एखाद्या महत्त्वाच्या मीटिंगला कोरा काळा सूट घालून जाते आणि दोघंतिघं विचारतात, "बरं नाही का? चेहरा का उतरलाय?" दुसऱ्या दिवशी मऊ बदामी शर्ट घातला तर कुणी काही विचारत नाही, कारण कुणाचं लक्षच जात नाही.

या दोन्ही तक्रारींचं मूळ एकच आहे. आपण निळा घ्यावा की हिरवा, याचा काथ्याकूट करत बसतो आणि तो रंग किती गडद आहे, किती भडक आहे, हे बघतच नाही. आल्बर्ट मन्सेल या अमेरिकन चित्रकार-शिक्षकाने १९०५ मध्ये रंग नोंदवण्याची जी पद्धत मांडली, तिच्यात प्रत्येक रंगाला तीन मापं आहेत: रंग कोणता, तो किती उजळ किंवा गडद, आणि किती तीव्र. फिकट रंगरूपाच्या माणसांचं गणित बहुतेकदा दुसऱ्या आणि तिसऱ्या मापात चुकतं. पहिल्याला उगाच दोष मिळतो.

नुसती कांती बघून ठरवणं

सगळ्यात आधी हे निस्तरायला हवं, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे. फिकट रंगरूप म्हणजे नुसती गोरी त्वचा नव्हे. त्वचा, केस, भुवया, पापण्या आणि डोळे हे सगळंच फिकट असेल, तर ते फिकट रंगरूप. गोरी कांती, पण केस काळेभोर आणि भुवया दाट असतील, तर तुमच्या चेहऱ्यावर मुळातच उजळ-गडदाचा मोठा फरक आहे. अशा माणसाला काळा सूट, पांढरा शर्ट झकास दिसतो. त्याने खालचे सल्ले पाळले तर उलट नुकसानच होईल. पिंगट किंवा सोनेरी केस, विरळ भुवया, घारे डोळे असणाऱ्यांची गोष्ट वेगळी. केस पांढरे झाले आणि रंगवणं सोडलं, की कितीतरी माणसं या दुसऱ्या गटात येतात. मग वर्षानुवर्षं शोभलेला कोट अचानक का खटकतो, ते त्यांना कळत नाही.

आपण कुठल्या गटात, हे तपासणं सोपं आहे. दिवसा खिडकीसमोर, दिवे बंद करून, मेकअप न करता फोनवर फोटो काढा आणि तो कृष्णधवल करा. रंग निघून गेले की फक्त उजळ-गडद उरतं. केस आणि त्वचा जवळजवळ एकाच राखाडी पट्ट्यात आली, भुवया शोधाव्या लागल्या, तर पुढचा मजकूर तुमच्यासाठी आहे.

व्यावसायिक म्हणजे काळाच, हा समज

काळा रंग रुबाबदार दिसतो, स्वस्त-महाग पटकन कळत नाही, डाग दिसत नाहीत. म्हणून सगळे त्याच्याकडे धावतात. फिकट चेहऱ्याखाली मात्र तो दोन गोष्टी बिघडवतो.

पहिली गोष्ट प्रकाशाची. गळ्याजवळचं कापड आरशासारखं नसलं तरी थोडा प्रकाश वर, हनुवटीच्या खालच्या भागाकडे परतवतंच. काळं कापड जवळजवळ सगळा प्रकाश गिळतं. त्यामुळे जबड्याखालची सावली, नाकाच्या बाजूच्या रेषा आणि डोळ्यांखालचे खळगे आहेत त्याहून खोल दिसतात. पांढऱ्या कॉलरवर तोच चेहरा बघा. झोप तेवढीच झालेली असते, पण थकवा कमी दिसतो.

दुसरी गोष्ट शेजाराची. मिशेल शेव्ह्रल हे फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ पॅरिसच्या गोबलँ या गालिचे आणि भिंतीवरची विणलेली चित्रं बनवणाऱ्या कारखान्यात रंगकामाचे प्रमुख होते. तिथला काळा रंग फिका पडतो अशी तक्रार आली. त्यांनी तपासलं, तर रंगात खोट नव्हती. शेजारच्या निळ्या-जांभळ्या धाग्यांमुळे तो काळा डोळ्यांना निस्तेज वाटत होता. यातून त्यांनी शेजारी-शेजारी ठेवलेल्या रंगांचा नियम मांडला आणि १८३९ मध्ये तो प्रसिद्ध केला: दोन रंग जवळ आले की डोळा त्यांच्यातला फरक वाढवून दाखवतो. काळ्याशेजारी फिकट चेहरा आणखी फिकट दिसतो, तो याच नियमाने. वर केस आणि भुवयाही फिकट असल्या, की त्या काळ्याला जोड देणारं चेहऱ्यावर काहीच उरत नाही. समोरच्याला सूट आधी दिसतो, माणूस मागाहून.

उपाय म्हणून लगेच गुलाबी-आकाशीकडे वळायची गरज नाही. गडदपणाची एक पायरी उतरलात तरी पुरतं. नेव्ही ब्लू, कोळशाच्या रंगाचा राखाडी, गडद मोरपंखी, अंजिरी, चॉकलेटी हे सगळे अधिकाराचे रंग आहेत आणि काळ्याइतके कठोर नाहीत. केस लालसर किंवा सोनेरी असतील तर चॉकलेटी आणि शेवाळी, राखाडी-पांढरे असतील तर नेव्ही आणि कोळसा, अशी सुरुवात करून बघा.

आणि ड्रेसकोडच काळ्याचा असेल तर? तर काळा चेहऱ्यापासून लांब ठेवा. ब्लेझरच्या आत उजळ कॉलर बाहेर काढा, गळा थोडा उघडा ठेवा, किंवा मधे एखादा मध्यम रंगाचा स्कार्फ येऊ द्या. काळी पँट, काळा स्कर्ट, काळे बूट यांनी चेहऱ्याचं काहीही बिघडत नाही. ते टाकून देऊ नका.

मग अगदी त्वचेच्याच रंगाचे कपडे घेणं

काळा शोभत नाही हे कळलं, की माणूस थेट दुसऱ्या टोकाला जातो: बदामी, मोतिया, पीच, वाळूसारखा, सगळं "सौम्य". अशा कपड्यांत गळा कुठे संपला आणि शर्ट कुठे सुरू झाला ते कळत नाही. व्हिडिओ कॉलवर तर काही रंगांमुळे अंगात शर्टच नाही असं वाटतं. फारच अवघड प्रकार.

हे रंग वाईट नाहीत, त्यांना किनार हवी. कपडा त्वचेपेक्षा स्पष्ट दिसेल इतका तरी गडद असावा, किंवा त्यावर मध्यम रंगाचं जॅकेट असावं. मोतिया टॉपवर पारवा किंवा मध्यम निळा ब्लेझर घातला की सौम्यपणा राहतो आणि चेहऱ्याला चौकटही मिळते. तेच कपडे, फक्त एक रेघ ओढली गेली.

पांढराशुभ्र म्हणजे सुरक्षित, असं मानणं

बाजारातल्या पुष्कळशा झगझगीत पांढऱ्या कपड्यांत चमक आणणारी रसायनं असतात. ती डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण शोषतात आणि निळसर प्रकाश बाहेर टाकतात. त्यामुळे कापड पांढऱ्याहून पांढरं भासतं. त्या निळसर पांढऱ्याशेजारी दात आणि डोळ्यांतला पांढरा भाग पिवळट दिसायला लागतो. फिकट त्वचेचा पिवळटपणा किंवा लालीही उठून दिसते.

दुधी, मोतिया किंवा अगदी फिकट आकाशी शर्ट पांढऱ्याचं काम जास्त चांगलं करतो. इथे एक बारीक गोम आहे. बहुतेक धुण्याच्या पावडरींतही तीच रसायनं असतात. म्हणून हौसेने घेतलेला दुधी शर्ट काही धुण्यांनंतर निळसर व्हायला लागतो आणि दोष मात्र कापडाला जातो. अशा कपड्यांसाठी ही रसायनं नसलेली पावडर किंवा लिक्विड वापरा.

चेहऱ्यावरची लाली हिरव्याने झाकायला जाणं

फिकट त्वचेखालचं रक्त जास्त दिसतं, म्हणून गालांवर, नाकावर लाली हा नेहमीचा प्रश्न. मेकअपमध्ये लालीवर हिरवट कन्सीलर लावतात, त्यावरून हिरवा शर्टही लाली मारेल असं वाटतं. होतं नेमकं उलटं. कन्सीलर त्वचेवर बसून लालीत मिसळतो, म्हणून ती दबते. शर्ट शेजारी असतो. शेजारच्या भडक हिरव्यामुळे लाल आणखी लाल दिसतो. पुन्हा शेव्ह्रलचाच नियम. ज्यांचा चेहरा अगदीच पांढुरका आहे, त्यांना हिरव्याचा हाच गुण फायद्याचा ठरतो. पण लाली आधीच असेल तर धुरकट निळा, राखाडीकडे झुकणारा मोरपंखी किंवा नेव्ही बरा. भडक लाल आणि राणी रंगही गळ्याजवळ नकोत. त्यांचा प्रकाश सरळ हनुवटीवर चढतो.

मनगटाच्या शिरा बघून आपली छटा ठरवणं

शिरा निळ्या तर त्वचेची छटा थंड, म्हणजे निळसर-गुलाबी झाकेची, हिरव्या तर उबदार, म्हणजे पिवळसर झाकेची, हा ठोकताळा फार फिरतो. शिरेचा रंग कसा दिसेल हे ती किती खोल आहे, वरची त्वचा किती जाड आहे आणि दिवा कुठला आहे, यावरही अवलंबून असतं. त्यावर कपाटभर खरेदी करणं धाडसाचं आहे. गालांवरच्या लालीवरूनही छटा ठरवू नका. मान किंवा कानामागची त्वचा बघा, ती जास्त खरं बोलते.

कापडाची चाचणी करायची असेल तर एक पथ्य पाळा: दोन्ही कापडं सारखीच गडद हवीत. लोक एका हातात फिकट अबोली धरतात, दुसऱ्यात गडद गुलबक्षी, आणि "मला उबदार छटा शोभतात" असा निकाल देतात. खरं तर त्यांना फिकट रंग शोभलेला असतो. सारख्याच उजळपणाचे अबोली आणि निळसर गुलाबी आलटून पालटून धरा. काहीच फरक जाणवला नाही तर तेही उत्तरच आहे. तुमची छटा मधली आहे, दोन्हीकडचं घ्या आणि पुढे चला.

दुकानातल्या दिव्यावर विश्वास ठेवणं

ट्रायल रूममधला पिवळसर दिवा फिकट त्वचेवर मेहेरबान असतो. ऑफिसमधला पांढरा दिवा तसा नसतो. शिवाय दोन कापडं एका दिव्याखाली तंतोतंत जुळतात आणि दुसऱ्याखाली साफ वेगळी दिसतात, कारण त्यांत वापरलेले रंग वेगळे असतात. वेगवेगळी घेतलेली नेव्ही पँट आणि नेव्ही ब्लेझर उन्हात एक जांभळट आणि एक हिरवट निघणं, यामागे हेच आहे. कपडा घेऊन दारापर्यंत किंवा खिडकीपर्यंत जाऊ द्यायला दुकानदार सहसा नाही म्हणत नाहीत. विचारा. सुटाचे दोन भाग वेगवेगळे घ्यायचेच असतील, तर रंग जुळवण्याच्या भानगडीत न पडता मुद्दाम वेगळे घ्या.

कॅमेऱ्याचा विचार न करणं

फोन आणि लॅपटॉपचे कॅमेरे दृश्याचा सरासरी उजेड मध्यम राखाडीच्या आसपास आणायला बघतात. काळा शर्ट आणि मागे गडद भिंत असली की कॅमेरा उजेड वाढवतो. मग फिकट चेहरा उडून जातो, भुवया गायब होतात. पांढरा शर्ट आणि पांढरी भिंत असली की तो उजेड कमी करतो आणि चेहरा मळका दिसतो. कॅमेऱ्यासमोर मध्यम गडद, साधा रंग घाला: मध्यम निळा, मोरपंखी, डाळिंबी. बारीक रेघांचे आणि छोट्या चौकटींचे शर्ट टाळा, पडद्यावर त्यांच्या लाटा उठतात.

शर्ट बदलत राहणं आणि चष्मा तसाच ठेवणं

जाड काळी फ्रेम चेहऱ्याच्या अगदी मधोमध बसते, आणि फिकट भुवयांवर ती काळ्या कॉलरहून जास्त भारी पडते. रंग चुकतोय असं वाटून चार शर्ट बदलले आणि तरी काहीतरी खटकतंच आहे, तर चष्मा काढून पुन्हा आरशात बघा. खटका गेला तर शर्टांची काही चूक नव्हती. कासवाच्या पाठीसारखी तपकिरी नक्षी, धातूची बारीक फ्रेम, पारदर्शक राखाडी किंवा गडद निळी अशा फ्रेम लावून बघा, आणि फ्रेम ठरली की मगच पुढचा ब्लेझर घ्या.