मोबाइलच्या नावाने डोमेन घेताय? या चुका टाळा

अधूनमधून कोणीतरी मला एक्सेलची शीट पाठवतं. चाळीस-पन्नास डोमेन (पुढे विकायला घेतलेले वेबसाइटचे पत्ते), प्रत्येकाच्या पुढे किंवा मागे 'मोबाइल', 'ॲप', 'गो' असं काहीतरी चिकटवलेलं, आणि खाली प्रश्न: "सर, यातलं कुठलं लाखात जाईल?" बहुतेक वेळा एकही नाही. चुकाही दरवेळी त्याच, म्हणून एकदाच लिहून टाकतो.

सगळ्यात महाग चूक म्हणजे तंत्रज्ञानाच्या लाटेचं नाव विकत घेणं. 2006 साली डॉट मोबी आलं, डॉट कॉमसारखंच, पण खास मोबाइलच्या साइटसाठी. पाठीशी गूगल, मायक्रोसॉफ्ट, नोकिया, व्होडाफोन. तर्क बिनतोड वाटायचा: फोनची स्क्रीन इवलीशी, नेट रडतखडत चालणारं, म्हणजे फोनसाठी वेगळी साइट लागणार, आणि वेगळ्या साइटला वेगळा पत्ता. वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी 2004 मध्येच याला विरोध केला होता. वेब एकच असावं, हातात कुठलं यंत्र आहे यावरून पत्ता बदलू नये, असं त्यांचं म्हणणं. ऐकतो कोण! ऑक्टोबर 2006 च्या एका लिलावात रिक श्वार्ट्झ या मुरलेल्या डोमेनवाल्याने फ्लॉवर्स डॉट मोबी 2 लाख डॉलरला घेतलं.

2007 मध्ये आयफोन आला आणि फोनवर अख्खी साइट उघडू लागली. 2008 मध्ये ॲप स्टोअर आलं. 2010 नंतर एकच पान स्क्रीन बघून आकार बदलण्याची पद्धत रुळली. 2015 मध्ये गूगलने फोनवर नीट दिसणाऱ्या पानांना सर्चमध्ये झुकतं माप द्यायला सुरुवात केली, तेव्हाही पान तपासलं. पत्त्यात 'मोबी' आहे का, हे नाही. ते फुलांचं नाव पुढे साडेसहा हजार डॉलरच्या आसपास विकलं गेलं. श्वार्ट्झकडे दणकट डॉट कॉम नावं होती, त्याला हा फटका पचला. तुमच्याकडे काय आहे?

ही जुनी अमेरिकेतली गोष्ट म्हणून सोडून देऊ नका. सप्टेंबर 2016 मध्ये जिओ सुरू झालं आणि माझ्या ओळखीतल्या एकाने 'फोर-जी' जोडलेली नावं धडाधड घेतली. बातम्या, रिचार्ज, गाणी, नोकऱ्या, सगळ्यांना फोर-जी. मी एवढंच विचारलं, "यातलं एक नाव घेईल असा एक माणूस सांग." म्हणाला, "दादा, मार्केट येतंय." मार्केट आलं, पण त्याच्याकडे नाही. दरवर्षी रिन्यूअलचं, म्हणजे नाव राखायच्या फीचं, बिल मात्र न चुकता येत राहिलं. ऑक्टोबर 2022 मध्ये फाइव्ह-जी सुरू झालं, तेव्हा त्याचा फोन: "आता फाइव्ह-जीची घेऊ का?" मी बायकोला सांगितलं, घरी नाही म्हणून सांग.

म्हणून माझी सवय अशी: नाव घेण्याआधी वहीत तीन खऱ्या धंद्यांची नावं लिहायची, ज्यांना ते उद्या वापरता येईल. तीन सुचले नाहीत तर नाव घ्यायचं नाही. कोथरूडमधला दाताचा डॉक्टर, सांगलीचा हळदीचा व्यापारी, असं बोट दाखवता यायला हवं. 'स्टार्टअपवाले घेतील' याला मी गिऱ्हाईक धरत नाही.

दुसरी चूक, नाव अंगठ्याने टाइप करून न बघणं. लॅपटॉपवर बसून घेतलेली नावं फोनवर उघडी पडतात. मध्ये डॅश असला की बहुतेक फोनवर कीबोर्ड बदलावा लागतो, आकड्यांचंही तेच. ऑटोकरेक्ट मधूनच शब्द 'सुधारतो'. रोमन लिपीतल्या मराठी नावांत तर आणखी घोळ: व ला व्ही की डब्ल्यू, झ ला झेड की जे-एच, आ ला एक ए की दोन? मी नाव एकदा फोनवरून आईला सांगतो आणि तिला लिहायला लावतो. तिने परत विचारलं तर नाव बाद. लोक आता व्हॉट्सॲपच्या लिंकवरून किंवा क्यूआर कोडवरून येतात, टाइप कोण करतंय, असं सांगणारे भेटतात. मान्य. पण नाव तोंडी सांगावं लागतंच, आणि विकत घेणारा पहिल्यांदा तेच करून बघतो.

दुसऱ्याच्या ब्रँडचं नाव घेऊन 'कंपनी पैसे देईल' म्हणून बसू नका. डोमेन नावालाही ट्रेडमार्कसारखं संरक्षण मिळतं, हे सुप्रीम कोर्टाने सत्यम इन्फोवे विरुद्ध सिफीनेट खटल्यात 2004 मध्येच सांगितलंय. डॉट इनसाठी वेगळी तक्रार प्रक्रियाही आहे. हरलात तर नाव जातं, वर एक रुपया मिळत नाही.

पहिल्या वर्षाची ऑफर बघून शंभर नावं घेणाऱ्यांबद्दल काय बोलणार. रिन्यूअलचा दर आधी वाचा. नव्या एक्स्टेन्शनमधल्या (डॉट कॉमसारखी पत्त्याची शेपटी) 'प्रीमियम', म्हणजे चढ्या भावाच्या, नावांचा दर दरवर्षी प्रीमियमच असू शकतो.

पार्किंगच्या, म्हणजे रिकाम्या डोमेनवर लावलेल्या, जाहिरातींवर खर्च निघेल, हे विसरा.

नाव एक्स्पायर झालं असेल तर रडत बसू नका, आधी तारीख बघा. डॉट कॉमला रिन्यू करायला साधारणपणे शून्य ते 45 दिवसांची सवलत असते. किती, ते तुमचा रजिस्ट्रार, म्हणजे जिच्याकडून नाव घेतलं ती कंपनी, ठरवतो, आणि याच काळात तो नाव लिलावालाही काढू शकतो. मग 30 दिवसांचा रिडेम्प्शनचा काळ, त्यात नाव परत मिळतं पण दणदणीत दंड भरून. त्यानंतरचे पाच दिवस कोणाच्याच हातात काही नसतं. बहुतेक वेळा मूळ कारण एकच: खात्याला जोडलेला ईमेल जुन्या नोकरीचा असतो. तो आज बदला.

शेवटचं. "तुमचं डोमेन आठ हजार डॉलरला घेतो, फक्त अमुक साइटवरून किमतीचं सर्टिफिकेट आणा" असा मेल आला तर ती साइट बहुधा मेल पाठवणाऱ्याचीच असते. खरा घेणारा सर्टिफिकेट मागत नाही, घासाघीस करतो. त्याला एस्क्रोमध्ये, म्हणजे सौदा पुरा होईपर्यंत पैसे सांभाळणाऱ्या तिसऱ्या कंपनीकडे, पैसे भरायला सांगा. पैसे जमा झाल्याचं एस्क्रोच्या साइटवर स्वतः लॉगिन करून बघा, मेलमधल्या लिंकवरून नाही. मगच ट्रान्स्फर कोड (नाव दुसरीकडे हलवायचा पासवर्ड) द्या.