सिक्लिडच्या टाकीसाठी एलईडी घेताना

पाणवनस्पतींसाठीचा प्रखर एलईडी सिक्लिड कुळातल्या माशांच्या टाकीवर लावला की मासे दगडांआड दडून बसतात, रंग फिके दिसतात आणि काचेवर शेवाळ चढतं. या टाकीत झाडं बहुधा नसतातच, असली तरी बरेच सिक्लिड ती उपटतात. मग जास्त वॉटचे पैसे कशाला?

१. खोक्यावर आधी केल्विनचा आकडा बघा; उजेड पिवळसर की निळसर हे तो सांगतो, आकडा जितका मोठा तितका उजेड निळसर. आफ्रिकेतल्या मलावी सरोवरातले निळे-पिवळे मासे ८,००० ते १०,००० केल्विनच्या किंचित निळसर उजेडात खुलतात. ऑस्करसारखे तांबूस-केशरी मासे मात्र त्यात मळकट दिसतात; त्यांना ६,५०० पुरे.

२. सीआरआय, म्हणजे दिव्याखाली रंग किती खरे दिसतात याचा १०० पैकी आकडा, ९० च्या आसपास असेल तर उत्तम. दोन दिव्यांत अडलात तर वॉट सोडा, हा आकडा बघा.

३. डिमर असलेलाच दिवा घ्या. सुरुवात मंद उजेडाने करा, मासे मोकळे फिरू लागले की थोडा थोडा वाढवा. डिमर नसेल तर दिवा थोडा उंच टांगा.

४. टायमर लावून रोज आठ तास. दगडांवर पातळ हिरवा थर आला तर राहू द्या, एम्बुना (मलावीतले खडकांत राहणारे सिक्लिड) तो आवडीने खरवडतात.

दिवा पाण्याच्या शिंतोड्यांपासून सुरक्षित असलाच पाहिजे. वायरला सॉकेटच्या खाली झोल द्या, म्हणजे ओघळलेलं पाणी तिथेच ठिबकेल, प्लगपर्यंत पोचणार नाही.