गोव्यात कुटुंबासाठी घर: गाव निवडण्याआधी सह्या मोजा

नोकरीसाठी गोव्यात आलेल्या माणसाला पहिल्या वर्षातच कुणीतरी सांगतं, "डिचोलीत घ्या, स्वस्त आहे." दुसरा सांगतो, "पेडण्यात घ्या, मोपाच्या विमानतळामुळे भाव चढणार." मी आजऱ्याहून कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत कामाला आलो त्याला बावीस वर्षं झाली. आता फोंड्यात स्वतःचं घर आहे. आतेभाऊ, साडू आणि कारखान्यातले सहकारी धरून नऊ कुटुंबांच्या घरखरेदीत मी सोबत होतो. एवढ्या अनुभवानंतर तालुक्यांच्या भावांवरून दिलेला सल्ला ऐकला की मला राग येतो, कारण त्या सल्ल्याने माणसं फसतात. इथे घर परवडेल की नाही हे चौरस मीटरच्या दरापेक्षा, त्या जमिनीवर किती माणसांचा हक्क आहे यावर जास्त अवलंबून असतं.

कर्ज किती मिळतं, हप्ता किती झेपतो, हे तुम्ही पाहिलेलं असणार. ते सोडून पुढे जातो.

पट्टा ठरवा

गावाचं नाव घेऊन शोध सुरू करू नका, कामाच्या ठिकाणापासून सुरू करा. सोमवारी सकाळी साडेआठला त्या रस्त्याने स्वतः जाऊन या, आणि एकदा जुलैच्या पावसात जा. त्यानंतरच अंतर किलोमीटरमध्ये मोजायचं की मिनिटांत, हे कळतं. पणजी किंवा बांबोळीला नोकरी असेल तर भोम आणि बाणस्तारीच्या वाटेवर रोज किती वेळ जातो ते फोंडेकराला विचारा. वेर्ण्याला काम असेल तर नावेली, फातोर्डा हा मडगावचा भाग सोयीचा. जुवारीवरचा नवा पूल डिसेंबर 2022 मध्ये एका बाजूने आणि वर्षभराने दुसऱ्या बाजूने खुला झाला, त्यामुळे उत्तरेकडून वेर्ण्याला येणंही पूर्वीइतकं जीवघेणं राहिलेलं नाही.

बेताच्या बजेटचं कुटुंब माझ्याकडे आलं की मी तीन पट्टे दाखवतो. एक फोंडा, कुर्टी, बोरी, शिरोडा. दुसरा डिचोली, साखळी, वाळपई. तिसरा कुडचडे, सावर्डे, केपे. तिन्हीकडे बाजार आहे, शाळा आहेत, बारा महिने राहणारी माणसं आहेत. फोंडा, डिचोली, सत्तरीत मराठी घरादारात आहे, मुलांना मराठी प्राथमिक शाळा मिळते, देवळातलं भजन ओळखीचं असतं. परक्या प्रदेशात राहायला येणाऱ्या बाईमाणसाला आणि म्हाताऱ्या आईवडिलांना याचा किती आधार वाटतो, ते मी माझ्या घरात पाहिलं आहे.

किनाऱ्यालगतचं घर कुटुंबासाठी घेऊ नका. भाव झेपला तरी नको. निम्मे फ्लॅट कुलूपबंद, उरलेल्यांत दर आठवड्याला नवे पाहुणे, आणि पावसाळ्यात जिन्यात दिवा लावायलाही कुणी नाही, अशा इमारतींत मी गेलो आहे. शिवाय भरतीरेषेपासून 500 मीटरपर्यंत किनारी नियमनाची बंधनं असतात आणि भरतीचं पाणी चढणाऱ्या नद्यांच्या काठांवरही ती लागतात. पेडण्याबद्दलही मी सावध करतो. जानेवारी 2023 मध्ये मोपाहून विमानं उडू लागली आणि तिथली जमीन गुंतवणूकदार बघू लागले. तुम्हाला राहायचं आहे, विकायचं नाही.

डिचोली, सावर्डे, धारबांदोडा बघत असाल तर खनिजाचे ट्रक कुठल्या रस्त्याने जायचे ते विचारून घ्या. सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये खाणींचे लीज रद्द केल्यावर हे रस्ते शांत झाले होते, आता खाणी पुन्हा सुरू होत आहेत. शांत असताना बघितलेलं घर उद्या लाल धुळीत असू शकतं.

पाणी आणि पूर

घर मे महिन्यात बघा. नळाला किती वाजता आणि किती वेळ पाणी येतं हे विकणाऱ्याला विचारू नका, शेजारच्या बाईला विचारा. फोंडा आणि तिसवाडीला ओपाच्या जलप्रकल्पाचं पाणी, दक्षिणेला साळावली धरणाचं. बार्देश, पेडण्याकडे तिळारीच्या कालव्यावर मोठी भिस्त आहे, आणि कालवा फुटला की नळ कोरडे पडतात.

पुरासाठी एकच प्रश्न पुरतो: "23 जुलै 2021 ला पाणी कुठवर आलं होतं?" त्या दिवशी सत्तरी, डिचोली, धारबांदोडा आणि फोंडा तालुक्यात नदीकाठची घरं बुडाली, पडली. माणसं अजून भिंतीवर बोट ठेवून खूण दाखवतात.

सह्या मोजा

इथे मी स्वतः आपटलो, म्हणून इथे थांबून सांगतो.

2009 साली फोंडा तालुक्यातल्या एका गावात मला 300 चौरस मीटरचा प्लॉट मिळत होता. आजूबाजूच्यापेक्षा बराच स्वस्त. विकणारे तिघे भाऊ, सज्जन माणसं. उताऱ्यावर त्यांच्या वडिलांचं नाव, आणि वडील 1994 मध्ये गेलेले. विकणाऱ्यांनीच सुचवलेला वकील म्हणाला, "मुलगे सह्या करतील, काळजी नको." बायकोच्या पाटल्या गहाण ठेवून मी दोन लाख रुपये बयाणा दिला. त्यानंतर कळलं की दोन बहिणी आहेत. त्या तयार झाल्या. मग कळलं की त्यांच्या नवऱ्यांच्याही सह्या लागतात, आणि त्यातला एक तारवटी, बोटीवर. तो म्हणाला, सही करणार नाही. चौदा महिने मी त्या घराच्या पायऱ्या झिजवल्या. पैसे परत मिळाले ते बिनव्याजी, आणि तोवर त्याच भागातला दर माझ्या आवाक्याबाहेर गेला होता.

भाऊ खोटं बोलत नव्हते. मला गोव्याचा कायदा माहीत नव्हता. महाराष्ट्रात सातबारा वाचून आलेल्या प्रत्येकाचं हेच होतं. 1867 चा पोर्तुगीज नागरी कायदा इथे गोवामुक्तीनंतरही चालू राहिला. वारसाहक्काचा भाग 2016 पासून गोव्याच्या स्वतःच्या कायद्याखाली आला, पण मूळ तत्त्व तेच राहिलं: लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल तर नवरा-बायको संपूर्ण मालमत्तेचे निम्मे-निम्मे मालक. कागदावर एकट्या नवऱ्याचं नाव असलं तरी बायकोच्या सहीशिवाय तो जागा विकू शकत नाही. बाप गेला की आईचा निम्मा हिस्सा आईचाच राहतो, बापाचा निम्मा सगळ्या मुलांत सारखा वाटला जातो, मुलींसह. आणि प्रत्येक विवाहित मुला-मुलीचा जोडीदार त्या हिश्श्यात भागीदार होतो.

म्हणून आता मी हे करतो, आणि तुम्हीही जागा आवडल्याच्या दिवशीच करा. एक-चौदाचा उतारा काढा. गोव्यातला सातबारा म्हणजे फॉर्म एक व चौदा, शहरी भागात फॉर्म डी. भूमापन खात्याच्या संकेतस्थळावर सर्व्हे नंबर टाकला की तो दिसतो. कब्जेदारांच्या रकान्यातली नावं कोऱ्या कागदावर लिहा. जो मेला असेल त्याच्या खाली वंशवेल काढा, आणि प्रत्येक विवाहित नावापुढे जोडीदाराचं नाव लिहा. हयात माणसं मोजा. आई हयात, पाच मुलं, सगळ्यांची लग्नं झालेली, म्हणजे अकरा सह्या. त्यातला एक भाऊ मुलं मागे ठेवून गेला असेल तर आकडा आणखी वाढतो. पोर्तुगाल, लंडन, आखाती देश इथे कोण आहे त्याच्यापुढे खूण करा, कारण त्यांचं मुखत्यारपत्र यायला महिने लागतात.

माझा नियम ठाम आहे. सहा सह्यांपर्यंत पुढे जायचं. सात ते बारा असतील तर सगळ्यांना एकदा प्रत्यक्ष भेटून किंवा फोनवर ऐकून मगच. बाराच्या वर असतील तर दर निम्मा असला तरी सोडून द्यायचं. स्वस्त मिळतं ते सह्या जास्त म्हणूनच मिळतं.

"वारसाचा दस्त झालेला आहे" असं सांगतील. तो दस्त वारस कोण हे सांगतो, कुणाला काय मिळालं हे सांगत नाही. वाटणी इन्व्हेंटरीच्या, म्हणजे न्यायालयातल्या वारसा-वाटणीच्या, दाव्यात किंवा सगळ्यांनी मिळून केलेल्या वाटणीपत्रात होते. अमुक तुकडा माझ्या एकट्याचा, असं म्हणणाऱ्याकडे यातला एक कागद मागा. नसेल तर तो तुम्हाला अविभक्त हिस्सा विकतोय, आणि अविभक्त हिश्श्यावर कुटुंबाचं घर बांधू नये.

उताऱ्यावर आणखी दोन रकाने आहेत, ते कुणी वाचत नाही. कुळाच्या रकान्यात नाव असेल तर तिथेच थांबा. भाटकाराने, म्हणजे जमीनमालकाने, कितीही समजावलं तरी कुळाचा प्रश्न मामलेदाराकडे सुटल्याशिवाय एक रुपया देऊ नका. इतर हक्कांच्या रकान्यात मुंडकाराचं नाव असू शकतं. मुंडकार म्हणजे भाटकाराच्या जमिनीत घर करून राहणारा. 1975 च्या कायद्याने त्याला तिथून सहजासहजी काढता येत नाही, आणि घराखालची पंचायत भागात 300, शहरी भागात 200 चौरस मीटर जागा विकत घेण्याचा हक्क त्याला आहे. कागदावर नाव नसलं तरी जागेवर जाऊन बघा. माडाखाली एखादं जुनं कौलारू घर, बाहेर तुळस, दोरीवर कपडे वाळत असतील, तर कागदापेक्षा त्या कपड्यांवर विश्वास ठेवा.

उलटही घडतं. गावात अगदी स्वस्त मिळणारं घर पुष्कळदा मुंडकाराचंच असतं आणि त्याने जागा अजून विकत घेतलेली नसते. मग तो तुम्हाला काय विकणार? कोमुनिदादच्या, म्हणजे गावाच्या जुन्या सामाईक संस्थेच्या, जमिनीवर अतिक्रमण करून उभ्या राहिलेल्या घरांचंही तेच. घर नंबर, वीजबिल, घरपट्टीची पावती हे सगळं दाखवतील. यातल्या कशानेही मालकी सिद्ध होत नाही. माझ्या एका सहकाऱ्याने घरपट्टीची पावती बघून आयुष्याची कमाई दिली असती, त्याला मी अक्षरशः हात धरून परत आणलं.

उतारासुद्धा फक्त नोंद आहे. मूळ कागद मुक्तीच्या आधीपर्यंत मागे न्यावे लागतात, जुन्या पोर्तुगीज नोंदणीतलं डिस्क्रिप्शन (जागेचं वर्णन) आणि इन्स्क्रिप्शन (मालकीची नोंद) वाचू शकेल असा वकील लागतो. तो वकील तुम्ही स्वतः शोधलेला, स्वतःच्या पैशांनी नेमलेला असावा. जुने दस्त बनावट करून जमिनी हडपण्याचे इतके प्रकार झाले की 2022 मध्ये सरकारला विशेष तपास पथक नेमावं लागलं. उपनिबंधकाकडून बोजा नसल्याचा दाखला घ्या. आणि वर्तमानपत्रातली जाहीर नोटीस बयाण्याच्या आधी द्या, खरेदीखताच्या आधी नव्हे. बहुतेक वकील उशिरा देतात, कारण त्यांना घाई असते. बयाणा दिल्यावर हरकत आली आणि ती खरी ठरली तर पैसे तुमचे अडकतात.

बाकीचे कागद

नगरनियोजन खात्याचा झोनिंग दाखला काढा, जागा सेटलमेंट, म्हणजे वस्तीच्या, झोनमध्येच हवी. "झोन बदलून मिळेल" या आश्वासनावर घेऊ नका. नगरनियोजन कायद्याच्या कलम 17(2) खाली झोन बदलण्याचे नियम मार्च 2025 मध्ये उच्च न्यायालयाने रद्द केले. भातशेतीची जमीन तर शेतकरी नसलेल्याला विकताच येत नाही, 2023 चा कायदाच तसा आहे. प्लॉटला सनद, म्हणजे बिनशेती परवाना, हवी, आणि तुकडा पाडून विकत असतील तर नगरनियोजन कायद्याच्या कलम 49(6) चा ना हरकत दाखला हवा.

फ्लॅट घ्यायचा तर

एवढं वाचून फ्लॅटकडे मन वळलं असेल तर चांगलंच आहे. पहिल्या घरासाठी माझं मत तेच आहे: फोंडा, मडगाव किंवा डिचोलीसारख्या राहत्या शहरात दहा-पंधरा वर्षं जुना, ताबा दाखला असलेला, सोसायटी नोंदलेली इमारत, आणि विकणारं जोडपं हयात. दोन सह्या. नव्या प्रकल्पात रेरा नोंदणी बघा आणि कार्पेट क्षेत्रावरच बोला. इमारतीखालच्या जमिनीचा उतारा मात्र फ्लॅटलाही लागतो. बिल्डरने भाटकाराशी केलेला करार मागून घ्या आणि त्यावर भाटकाराच्या बायकोची सही आहे का तेवढं बघा. मी पाहिलेल्या करारांत दोनदा ती नव्हती.

खरेदीखत नोंदलं की त्याच आठवड्यात म्युटेशनचा (फेरफाराचा) अर्ज मामलेदार कार्यालयात द्या आणि घरपट्टी, वीज, पाणी नावावर करून घ्या. उताऱ्यावर नवरा-बायको दोघांची नावं चढली की नाही ते स्वतः छापून बघा. माझ्या साडूचं एकट्याचंच चढलं होतं, दुरुस्तीला पुढचा पावसाळा आला.