सुदानची बातमी डेस्कवर येते तेव्हा

आंतरराष्ट्रीय डेस्कवर नव्याने बसलेल्याला सुदानची एजन्सी कॉपी, म्हणजे वृत्तसंस्थेकडून आलेला मजकूर, पहिल्यांदा अडवते ती नावांवर. १५ एप्रिल २०२३ पासून जनरल अब्देल फताह अल-बुरहान यांचे सैन्य आणि मोहम्मद हमदान दगालो ऊर्फ हेमेदती यांचे रॅपिड सपोर्ट फोर्सेस हे निमलष्करी दल यांच्यात लढाई चालू आहे. या दलाचे लघुरूप आरएसएफ. पत्रकारांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या पॅरिसच्या संघटनेचेही तेच. मथळ्यात ‘आरएसएफकडून निषेध’ असे येणार असेल, तर आधी कोणते आरएसएफ ते बघा.

‘बंडखोर’ हा शब्द पटकन सुचतो, पण तो सैन्याचा शब्द आहे. २०१७ च्या कायद्याने हे दल अधिकृत झाले आणि २०२१ चा सत्तापालट दोन्ही जनरलांनी मिळून केला. उलट बाजूने सैन्याच्या माणसांना ‘फुलूल’ म्हणतात, म्हणजे माजी हुकूमशहा ओमर अल-बशीर यांच्या राजवटीचे उरलेसुरले. दोन्ही शब्द अवतरणात टाका आणि कोण म्हणाले ते लिहा. ‘सुदान सरकारने सांगितले’ एवढ्यानेही भागत नाही. सुना ही सरकारी वृत्तसंस्था सैन्याच्या बाजूची, आणि जुलै २०२५ पासून आरएसएफने दक्षिण दार्फुरमधल्या न्याला शहरात समांतर सरकार जाहीर केले आहे. पश्चिम सुदानच्या दार्फुर भागातल्या गावांच्या बातम्यांसाठी नेदरलँड्समधून चालणारा रेडिओ दबंगा रोज पाहावा.

नकाशा उघडा ठेवा. खार्तूम, ओमदुर्मान आणि बहरी ही नाईलच्या काठांवरची तीन शहरे. ‘राजधानी घेतली’ म्हणजे नेमका कोणता काठ? सैन्याने राष्ट्रपती प्रासाद २१ मार्च २०२५ रोजी घेतला, विमानतळ त्यानंतर पाच दिवसांनी. दक्षिण दार्फुर आणि दक्षिण कोर्दोफान ही सुदानमधलीच राज्ये आहेत. दक्षिण सुदान हा २०११ पासून वेगळा देश. ही गल्लत छापून येते आणि दुसऱ्या दिवशी दुरुस्ती द्यावी लागते.

सर्वांत जास्त नुकसान ‘दुष्काळ’ या शब्दाने होते. मराठी वाचकाला दुष्काळ म्हटले की पाऊस न पडणे, १९७२, टँकर आठवतात. उत्तर दार्फुरमधल्या अल-फाशिर शहरात तसे नव्हते. आरएसएफने दीड वर्ष शहराला वेढा घातला, धान्याचे ट्रक अडवले आणि लोकांनी शेंगदाण्याचे तेल काढल्यावर उरणारी पेंड खाल्ली. तिथे तिला अंबाझ म्हणतात, आणि ती जनावरांचे खाद्य आहे. अशी बातमी ‘वेढ्यामुळे उपासमार’ अशी लिहा. एजन्सीने ‘आयपीसी टप्पा ५’ (अन्नटंचाई मोजण्याच्या आंतरराष्ट्रीय श्रेणीतला शेवटचा टप्पा) म्हटले असेल, तर एखाद्या भागासाठी त्याचे निकष वाचकाला सांगा: किमान २० टक्के कुटुंबांकडे जवळजवळ अन्न नाही, ३० टक्के मुले तीव्र कुपोषित, आणि दर १०,००० लोकांमागे रोज दोन मृत्यू. अल-फाशिरजवळच्या झमझम या विस्थापितांच्या छावणीबद्दल हा निष्कर्ष ऑगस्ट २०२४ मध्ये जाहीर झाला. निकष न देता नुसते ‘भीषण’ लिहिले, तर त्या माणसांचे दुःख आपणच पुसट करतो.

व्हिडिओ आला की आधी दोन-तीन स्थिर चौकटी काढून उलट शोध घ्या, म्हणजे ते चित्र आधी कुठे आले होते ते इंटरनेटवर शोधा. लिबिया किंवा सीरियाची जुनी दृश्ये सुदानची म्हणून सर्रास फिरतात. व्हॉट्सॲपवरून आलेल्या फाइलमध्ये मूळ वेळ-ठिकाण सहसा उरत नाही, म्हणून मिनार, पाण्याची टाकी, दुकानाची पाटी उपग्रहचित्राशी जुळवा. सावली तपासताना तिथली वेळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे धरा. सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहांची चित्रे फुकट मिळतात, पण त्यातला एक ठिपका १० मीटरचा असतो. जळालेली वस्ती कळते, माणूस किंवा गाडी नाही. जुलै ते सप्टेंबर ढग आड येतात. नासाच्या आगीच्या नकाशावरचा ठिपका हाही हल्ल्याचा पुरावा नव्हे, कारण सुगीनंतर शेतातला पालापाचोळा जाळतात. आधी आणि नंतरचे चित्र शेजारी ठेवून घरांची छपरे गेली का ते पाहा.

तिथल्या माणसाशी बोलणे झाले, तर नाव बदलणे पुरेसे नसते. गाव, व्यवसाय आणि नातेवाइकांची संख्या एकत्र आली की तो ओळखू येतो. नाक्यांवर दोन्ही बाजूंचे लोक फोन तपासतात. अनेक ठिकाणी स्टारलिंकची उपग्रह जोडणी असलेल्या दुकानात पैसे मोजून थोडा वेळ इंटरनेट मिळते. निरोपाला उत्तर दोन दिवसांनी आले, तर तेवढी वाट पाहा, आणि त्या दोन दिवसांत पुन्हा पुन्हा फोन लावू नका.